बोळकीला दिलेला दम

त्याला सगळे पुटपुटे म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं, पण ऐकायला अगदी आडनावासारखं वाटायचं, आणि त्यामुळे पंचाईत व्हायची. नवा पोस्टमन दारात येऊन "पुटपुटे तुम्हीच ना?" असं विचारू लागला, तेव्हा ह्याने निमूट मान हलवून सही करून दिली. माझं नाव वेगळं आहे असं सांगायचं म्हणजे बोलणं आलं, आणि बोलायचं म्हटलं की ह्याच्या जिवावर यायचं. जे काही तो बोले ते त्याच्या सदऱ्याच्या वरच्या बटणापर्यंत पोचे. त्यातही शेवटचा शब्द तो हमखास गिळायचा.

धंदा मात्र त्याला स्वभावाला साजेसा मिळाला होता. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवत आणि हा आपल्या मागच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि हिरडीच्या रंगाची गुलाबी पावडर घेऊन बसे. कवळीशी बोलावं लागत नाही. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांची भांडणं ह्याने घासूनपुसून दिलेल्या दातांवर चालत, आणि हा स्वतः मात्र रांगेत मध्ये घुसणाऱ्याला "अहो" एवढंसुद्धा म्हणू शकत नसे. एखाद्या डॉक्टरने वाकडातिकडा ठसा पाठवून वर ह्यालाच झापलं, तरी हा म्हणे, "बरं." त्या डॉक्टरला द्यायचं उत्तर मग तो घरी जेवताना देई. ते ताटाला ऐकू जाई.

घर होतं टेकडीवर. खालच्या बसथांब्यापासून अंगावर येणारा चढ, मध्ये एक आडवं वळण, पुन्हा चढ, आणि वर पोचलं की दारापर्यंत पायऱ्या. त्याची बायको खालच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. वर्षानुवर्षं ती हा चढ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढली आणि वर येऊन लगेच कामाला लागली. मग तिला दमा जडला. एका संध्याकाळी ती त्या वळणावर कठड्याला टेकून बसली ती उठेचना. ओठ निळे पडले. खाली भांड्यांचं दुकान असलेला पुटपुट्याचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, धावत आला आणि त्याने तिला दुकानातल्या खुर्चीत बसवून चार माणसांच्या मदतीने खाली नेलं. ती बरी झाली, पण वाचनालय सुटलं ते सुटलंच. घरातल्या भिंतींवर तिने स्वतः फळ्या ठोकून लावलेली पुस्तकं होती. ती पुसायची, पुन्हा लावायची आणि खिडकीत बसून खालचा रस्ता बघायची.

दादा हा ठरवणारा माणूस. ह्याची शाळा त्याने ठरवली, धंदा त्याने ठरवला, लग्नात कुठला सूट घालायचा तेही त्यानेच. बोलणं संपलं की "ठरलं मग" म्हणून तो उठायचा, आणि त्यानंतर आभाळ कोसळलं तरी ते ठरलेलं असायचं. भावजयीसाठी त्याचा जीव तुटत होता हे खरं. त्याने ठरवलं की टेकडीवरचं घर विकायचं आणि ह्या दोघांनी आपल्या दुकानामागच्या दोन खोल्यांत येऊन राहायचं. त्या खोल्यांना खिडकी नव्हती. सगळीकडे खोक्यांचा वास आणि दिवसभर भांड्यांचा खणखणाट.

बायको पुटपुट्याला एवढंच म्हणाली, "मला तिथे गुदमरायला होईल. तुम्ही दादांना सांगा."

तो गेला. वाटेत त्याने वाक्य पाठ केलं. दुकानात उभा राहून ते म्हटलंसुद्धा: "दादा, घर विकायचं नाही." पण सवयीने शेवटचा शब्द आत गेला. दादाला ऐकू आलं, "दादा, घर विकायचं." दादाचे डोळे भरून आले. त्याने धाकट्याची पाठ थोपटली, मलाही तेच वाटत होतं, पण तुझ्या तोंडून ऐकलं ते बरं झालं असं म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "ठरलं मग." पुटपुटे घरी पोचेस्तोवर दादाने दलालाला फोनही केला होता. आता परत जायचं आणि तो गिळलेला एक शब्द तेवढा देऊन यायचा, एवढंच काम उरलं होतं. ते जमलं नाही म्हणून त्याने गाडी घेतली.

लायसन त्याच्याकडे तरुणपणापासून होतं, कारण ते काढताना फारसं बोलावं लागलं नव्हतं. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या अंगणात ही एका कोपऱ्यात तोंड फोडून घेतल्यासारखी उभी होती. कुठल्याशा फाटकाच्या खांबाला धडकलेली. पुढची जाळी तुटलेली, बंपर तारेने बांधलेला, एक दरवाजा दुसऱ्याच गाडीचा आणि दुसऱ्याच रंगाचा. विकणारा म्हणाला, टर्बो आहे साहेब, चढ दिसला की पळत सुटते. इतर गिऱ्हाइकं टायरला लाथ मारून बघतात, बॉनेट उघडून माहीतगारासारखी मान हलवतात. हा गुडघ्यावर बसला आणि त्याने गाडीच्या तोंडात डोकावून पाहिलं. फक्त समोरचे गेलेत, जबडा शाबूत आहे, असं त्याचं मत पडलं, आणि एवढ्या तपासणीवर त्याने गाडी घेतली. माणसं लग्नसुद्धा ह्याहून कमी तपासणीवर करतात, तेव्हा आपण हसायला नको.

बायकोने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर बोळकी."

नाव तेच पडलं. पुटपुट्याच्या कारागिरीला मात्र ते लागलं. त्याने रस्त्यात बसून जाळीच्या उरलेल्या पट्ट्यांचे प्लास्टरमध्ये ठसे घेतले आणि तुटलेल्या पट्ट्या खोलीत ओतून तयार केल्या. माप इतकं बिनचूक की सांधा दिसेना. अडचण एवढीच, की त्याच्याकडे साहित्य कवळीचं. जाळी अर्धी काळी, अर्धी हिरडीसारखी गुलाबी झाली, आणि समोरून बघणाऱ्याला बोळकी तोंड भरून हसते आहे असं वाटू लागलं. दुसऱ्याच रंगाचा तो दरवाजा, तो बायकोच्या बाजूचा, आतून उघडत नसे. त्यामुळे प्रत्येक वेळी ह्याला उतरून, वळसा घालून, तिच्यासाठी बाहेरून दार उघडावं लागे. वाचनालयातल्या बायकांना ह्यात फार मोठं प्रेम दिसलं आणि त्यांनी घरोघरी आपापल्या नवऱ्यांना ऐकवलं.

हो, तिचं वाचनालयात जाणं पुन्हा सुरू झालं होतं. सकाळी तो तिला सोडायचा, संध्याकाळी वर आणायचा. चढ लागला की टर्बो बारीक शिट्टी वाजवी, आणि दम्याने बायकोच्या छातीतही तशीच शिट्टी वाजे. ती म्हणायची, आम्ही दोघी बहिणी. दादाला मात्र हे खेळणं वाटत होतं. तो म्हणाला, घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत खेळ.

आता गॅरेज. ते एक बाई चालवायच्या. त्यांचे दोन्ही हात कायम इंजिनात, म्हणून टॉर्च दातांत धरायची त्यांना सवय होती, आणि टॉर्च दातांत ठेवूनच त्या गिऱ्हाइकांशी बोलत. काही कळलं नाही तर परत विचारायचं, अशी तिथली पद्धत. पण परत विचारणं हा ह्याचा प्रांत नव्हे. बाईंनी बोळकी आतून-बाहेरून पाहिली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा, तो अजून बरा आहे पण म्हातारा आहे, असं सांगितलं. एक हवेचा रबरी नळ त्याच्या पट्ट्यात सैल बसतो, नवा पट्टा मागवावा लागेल, हेही सांगितलं. मग बॉनेटखाली वाकलेल्या असतानाच म्हणाल्या, "चढ चढून आलात की लगेच बंद नाही करायची. आधी तिला दम..." इथे टॉर्च निसटली, ती त्यांनी पुन्हा दातांत पकडली, "...द्या. चांगला मिनिटभर. रोज. नाहीतर टर्बो गेलाच समजा."

पुटपुटे म्हणाला, "बरं."

परत येताना त्याला घाम फुटला. दम त्याने आयुष्यात पुष्कळांकडून घेतला होता, दिला कुणालाच नव्हता. गाडीला दम द्यायचा हे ऐकायला विचित्र वाटत होतं, नाही असं नाही. पण प्रत्येक धंद्यात अशा गोष्टी असतात. मेण हवं तसं वळेना की आपणही त्याला "बस बाबा, बस" म्हणतोच ना, आणि ते बसतं. बाईंना ह्यातलं कळतं, आपल्याला कळत नाही.

त्या संध्याकाळी वर पोचल्यावर त्याने इंजिन चालू ठेवलं, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि म्हणाला, "हे बघ. असं... बरं नव्हे."

बायकोने विचारलं, कुणाला म्हणताय. त्याने बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. ती तोंड खिडकीकडे वळवून बसली. तिचे खांदे हलत होते. पुन्हा वळली तेव्हा तिचा चेहरा वाचनालयातला झाला होता. "ह्याला दम म्हणत नाहीत," ती म्हणाली, "ह्याला विनंती म्हणतात. आवाज चढवायचा नसतो. समोर बघायचं आणि शेवटचा शब्द गिळायचा नाही. तुम्ही शेवटचा शब्द गिळता."

तिथून शिकवणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात तो बोळकीला फक्त तिच्या चुका सांगे: काल हॉर्न आपोआप वाजला, ते चालणार नाही. त्या संपल्या, आणि मिनिट तर भरायचं होतं, म्हणून मग दिवसभराचं साचलेलं बाहेर येऊ लागलं. वाकडा ठसा पाठवून मलाच बोलायचं, हे मी ऐकून घेणार नाही. रांगेत मध्ये घुसलेलं खपवून घेणार नाही. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि हा आजवर नेमका तोच गिळत आला होता, हे त्याच्या पन्नाशी उलटल्यावर लक्षात आलं. एका दुपारी त्याने खऱ्या डॉक्टरला खऱ्या फोनवर सांगितलं, "हा ठसा चालणार नाही." पलीकडून डॉक्टर म्हणाला, "बरं." फोन ठेवल्यावर त्या आनंदात ह्याने वरच्या जबड्याचे दात खालच्यात बसवले.

पट्टा काही आला नव्हता. बाईंना आठवण करायची म्हणजे तगादा लावल्यासारखं होईल, म्हणून त्याने नळाचं माप घेतलं आणि गुलाबी पावडरीचं एक सुबक कडं ओतून तिथे बसवलं. सगळं एकदम थोडंच सुधारतं?

आणि मग शेजारच्या काकूंनी पाहिलं. धूळ नको म्हणून गाडीच्या काचा बंद. आत तो समोर बघून तावातावाने बोलतोय आणि बायको तोंड फिरवून बसली आहे, तिचे खांदे हलताहेत. रोज संध्याकाळी, न चुकता. काकू सांत्वनाला आल्या. बायकोने खरं ते सांगितलं, की ते गाडीवर रागावतात. काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, सगळ्या असंच काहीतरी सांगतात गं. मग त्या झाकण घ्यायच्या निमित्ताने दादाच्या दुकानात गेल्या.

दादा हादरला. धाकटा बायकोवर ओरडतो, तेही आजारी बायकोवर, हे त्याच्या कल्पनेत बसेना. माझ्या डोळ्यांसमोर खाली राहिली की हे थांबेल, असं त्याने ठरवलं आणि गिऱ्हाईक घेऊन यायची वेळच कळवून टाकली. तुझ्या त्या डब्यातूनच वर ने, बघू तरी काय चढतो ते, असाही निरोप होता.

बायको पुढे बसली, दादा आणि गिऱ्हाईक मागे. दादा बसला तेव्हा बोळकी एका बाजूला कलली. चढ लागला, शिट्टी वाजू लागली, आणि मागून दादाचं व्याख्यान सुरू झालं: आपल्या घरात बायकोवर आवाज चढवायची रीत नाही, तू हे कुठे शिकलास. पुटपुटे गाडी चालवत राहिला. वळण आलं आणि बॉनेटखाली फट् असा आवाज झाला. गुलाबी कडं तापून फुटलं होतं, नळ सुटला होता. शिट्टी बंद पडली, मागे काळा धूर सुटला, आणि बोळकी मरगळून जागच्या जागी थांबली. त्याने हँडब्रेक ओढला.

बायको ज्या कठड्याला टेकून बसली होती, तो कठडा बरोबर तिच्या खिडकीबाहेर होता. तिने औषधाचा पंप मुठीत धरला आणि समोर बघत राहिली. आता सगळं हातचं गेलं असं तिला वाटलं, आणि त्यालाही.

"बघ," दादा म्हणाला, आणि ह्या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "परत इथेच. परत हेच. ह्या भरवशावर तू तिला वर ठेवणार?"

पुटपुटे म्हणाला, "उतरा."

दादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण शब्द एकच होता आणि तो गिळलेला नव्हता. दादा उतरला, गिऱ्हाईक उतरलं. बायकोही हातातली पिशवी सावरू लागली, तेव्हा तो म्हणाला, "तू नाही."

टर्बो नसला तरी बोळकीला इंजिन होतंच. मागचं ओझं गेल्यावर ती पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, कण्हत, धूर ओकत चढू लागली. त्या धुरामागून दादा. गिऱ्हाईक कठड्यावर टेकलं आणि थोड्या वेळाने तिथूनच खाली गेलं. वर पोचल्यावर पुटपुट्याने नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवलं, स्टिअरिंग धरलं आणि बोळकीला दम द्यायला सुरुवात केली, कारण नियम तो नियम. तेवढ्यात त्याच्या काचेवर थाप पडली. दादा आला होता. घामाने निथळत होता, तोंड उघडं होतं, पण त्यातून नुसती हवा येत होती. दादाला दम लागला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर धाकट्याला बोलायला मोकळी जागा मिळाली होती.

त्याने काच खाली केली. "दादा," तो म्हणाला, "तू हिला खुर्चीत बसवून खाली नेलंस, ते मी विसरलेलो नाही. पण आम्ही खाली राहायला येणार नाही. घर विकायचं नाही." आणि वर म्हणाला, "ठरलं मग."

दादाने दोनदा तोंड उघडलं. शेवटी त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "पाणी."

पाणी पिऊन तो पायरीवर बसला. मग दुखावल्या आवाजात म्हणाला, "पण विकायचं असं तूच म्हणाला होतास."

"विकायचं नाही, असं म्हणालो होतो."

"मग नीट बोलायचं होतंस की."

"आत्ता बोललो."

दादाने चढाकडे पाहिलं. मग हा चढ आपली भावजय रोज पिशव्या घेऊन चढायची, असं स्वतःशीच म्हणाला, आणि पेला पुढे करून आणखी पाणी मागितलं. ते प्यायल्यावर त्याने गाडीला चांगला पट्टा बसवून घ्यायचं ठरवलं. तेवढं त्याला ठरवू दिलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या बाईंनी फुटक्या कड्याचा गुलाबी तुकडा चिमटीत धरून बघितला आणि ह्याच्याकडे बघितलं. तो कचऱ्यात टाकला. टर्बोचं मात्र त्यांनी कौतुक केलं. एवढा म्हातारा आणि एवढा चढ, तरी तब्येत ठणठणीत, म्हणजे रोज न चुकता देत होतात वाटतं.

"दिला की," पुटपुटे अभिमानाने म्हणाला. "आता तर चांगला खणखणीत देतो. शेजारपर्यंत ऐकू जातो."

बाईंनी तोंडातली टॉर्च काढून हातात घेतली. ती हातात घेतलेली कुणी पाहिली नव्हती. मग त्यांनी सावकाश समजावलं, की चढ चढून आलेला पंखा तापून लाल झालेला असतो, इंजिन पटकन बंद केलं तर त्याचं तेल तिथेच जळतं, म्हणून मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं असतं. "दम खाऊ द्या म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय दिलात?"

त्या संध्याकाळी बोळकी शिट्टी वाजवत झोकात वर आली. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि गप्प बसून राहिला. बायकोने वाट पाहिली. मग विचारलं, आज काही नाही का. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. अख्ख्या रस्त्यासमोर आपण इतके दिवस एका यंत्राला रागे भरत होतो, ह्याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मिनिटभर गप्प बसून राहिला असता. आणि घर गेलं असतं." तिने पायऱ्यांकडे पाहिलं. "शिवाय तुम्ही बोलायचात तेवढ्यात माझाही दम खाऊन व्हायचा. मग पायऱ्या चढायला सोपं जायचं."

तो तिच्याकडे वळला. समोर बघितलं, आवाज चढवला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या बायकोला चांगला मिनिटभर दम दिला. असं पुन्हा चालणार नाही, ह्यातला शेवटचा शब्द तर इतका स्वच्छ आला की काकूंच्या खिडकीचा पडदा हलला. ती तोंड फिरवून खांदे हलवत हसली, आणि हसताहसता तिला दम लागला. म्हणून त्याने इंजिन तसंच चालू ठेवलं आणि तिचा श्वास जागेवर येईपर्यंत ती दोघं गाडीतच बसून राहिली.